कॅलिफोर्नियात थेरपिस्ट व्हायचंय: एलसीएसडब्ल्यू, एलएमएफटी की एलपीसीसी?

समाजकार्याची नाहीतर मानसशास्त्राची पदवी घेऊन पुण्या-मुंबईहून कॅलिफोर्नियात आलेल्या मुली मला आधी विचारतात, "ताई, यातलं सोपं कुठलं?" मी उलट विचारते, "पाच वर्षांनी याच राज्यात असशील का गं?"

एलसीएसडब्ल्यू म्हणजे क्लिनिकल समाजकार्याचं, एलएमएफटी म्हणजे विवाह आणि कुटुंब थेरपीचं, एलपीसीसी म्हणजे व्यावसायिक क्लिनिकल समुपदेशनाचं लायसन्स. तिन्ही एकच बोर्ड देतं, बोर्ड ऑफ बिहेविअरल सायन्सेस. तिन्हींना मास्टर्स लागतं, सुपरव्हिजनखाली 3,000 तास लागतात, तेही किमान 104 आठवड्यांत, आणि दोन परीक्षा: एक कायदा-नीतीची, एक क्लिनिकल. समोर माणूस येऊन बसला की कामात फारसा फरक उरत नाही. एलपीसीसीला जोडप्यांसोबत किंवा कुटुंबासोबत काम करायचं तर जादा अभ्यास आणि 500 तास दाखवावे लागतात, एवढंच.

भारतातली एमएसडब्ल्यू असेल तर एलसीएसडब्ल्यूचाच रस्ता धरा. सीएसडब्ल्यूई ही संस्था परदेशी पदवी तपासते. समकक्ष ठरली की पुन्हा मास्टर्स करावं लागत नाही. एम.ए. मानसशास्त्र असेल तर अवघड आहे. एलएमएफटी आणि एलपीसीसीला 60 युनिटांची, ठरावीक विषयांची आणि प्रॅक्टिकमची (शिकतानाच प्रत्यक्ष रुग्णांसोबत केलेल्या कामाची) पदवी लागते, तिथे आपली दोन वर्षांची एम.ए. सहसा कमी पडते.

स्टुडंट व्हिसावर शिकायला येणाऱ्यांनी मात्र फी भरण्याआधी गणित मांडावं. या पदव्या सहसा स्टेममध्ये (विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या यादीत) मोडत नाहीत, म्हणून शिक्षणानंतर ओपीटी, म्हणजे स्टुडंट व्हिसावर काम करायची परवानगी, 12 महिन्यांची. एलसीएसडब्ल्यू आणि एलपीसीसीचे तास पदवीनंतरच मोजायला सुरुवात होते; 104 आठवडे एका वर्षात बसवणार कसे? एलएमएफटीला शिकतानाचे 1,300 तासांपर्यंत धरतात, म्हणून कागदावर तरी तिचाच हिशोब जमतो.

तासांबद्दल एक कळकळीनं सांगते. दर आठवड्याच्या तक्त्यावर सुपरवायझरची सही त्याच आठवड्यात घ्या. माझी पहिली सुपरवायझर अचानक नोकरी सोडून गेली, तेव्हा माझ्या फाइलमध्ये अकरा आठवड्यांचे तक्ते बिनसहीचे होते. तिला शोधून सह्या मिळवेपर्यंत पाच महिने गेले. शिवाय सहा वर्षांपेक्षा जुने तास बाद होतात. बाळंतपणात खंड पडलेल्या कितीजणींना हे उशिरा कळतं.

आता राज्य बदलण्याचं. एच-फोरवरच्या (नवऱ्याच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या) घरात नवऱ्याची नोकरी टेक्ससमधल्या ऑस्टिनला गेली की बायकोचं लायसन्स इथेच राहतं. तिथे नवा अर्ज करावा लागतो, मग कुठलं लायसन्स हातात आहे याला महत्त्व येतं. एलसीएसडब्ल्यूची क्लिनिकल परीक्षा एएसडब्ल्यूबी ही राष्ट्रीय संस्था घेते, ती देशभर चालते, म्हणून ती पुन्हा द्यावी लागत नाही. एलएमएफटीसाठी कॅलिफोर्नियाने वर्षानुवर्षं स्वतःची वेगळी परीक्षा ठेवली, त्यामुळे बाहेर गेलेल्यांना राष्ट्रीय परीक्षेला बसावं लागलं. एलपीसीसीचं तर नावच बदलतं: टेक्ससमध्ये एलपीसी, न्यूयॉर्कमध्ये एलएमएचसी. मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, तोही एलसीएसडब्ल्यूला कितीतरी आधीपासून पैसे देतो; बाकी दोघांना ते जानेवारी 2024 पासून मिळू लागले.

म्हणून व्हिसा दुसऱ्याच्या नोकरीवर टांगलेला असेल तर मी एलसीएसडब्ल्यूच सुचवते. इथेच घर घेतलंय आणि जोडप्यांसोबतच काम करायचंय, तर एलएमएफटी.