सेंबुंगन की जातिलुविह?

इंडोनेशियातलं डोंगराळ शेतीगाव म्हटलं की माझं मन आधी सेंबुंगनकडे ओढ घेतं. जावाच्या दिएंग पठारावर, सुमारे २३०० मीटर उंचीवर, जिकडेतिकडे बटाटाच. जुलै-ऑगस्टच्या पहाटे पाला हिमकणांनी पांढरा होतो आणि मग करपून जातो; तिथले शेतकरी त्याला ‘विषारी दव’ म्हणतात. पाणी साचून बटाटा कुजू नये म्हणून सऱ्या उताराच्या दिशेने काढतात, पण त्याच सऱ्यांतून पावसात माती वाहून जाते. बघून जीव तुटतो.

इथे बालीतलं जातिलुविह उजवं. पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं माती धरून ठेवतात, पाण्याची वाटणी ‘सुबाक’ ही शेतकऱ्यांची मंडळी करते. बालीतल्या या व्यवस्थेला २०१२ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. तांबडा तांदूळ जरूर खा.