कारखान्याची फायर गाडी: लिलावातला स्टॅलियन की बाजारातली साधी चासी?

कारखान्यासाठी फायर गाडी बांधायचा विषय निघाला की मिटिंगमध्ये कोणीतरी हमखास म्हणतं, "लष्कराचा लिलावातला स्टॅलियन उचला, दणकट असतो." असतोच; अशोक लेलँडचा लष्करी ट्रक, फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर. शेजारच्या साखर कारखान्याची अशी गाडी मी एक गळीत हंगाम सांभाळली आहे. पुढे आमच्याकडे निर्णय घ्यायची वेळ आली तेव्हा मात्र बाजारातली वापरलेली फोर बाय टू चासी, म्हणजे फक्त मागच्या चाकांना जोर असलेल्या ट्रकचा सांगाडा, घेतली. तरी स्टॅलियनवाल्यांना मी वेड्यात काढणार नाही.

नगरपरिषदेसाठी विचारत असाल तर पुढचं वाचायची फारशी गरज नाही. सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या १५ वर्षांवरच्या गाड्यांच्या नोंदणीचं नूतनीकरण १ एप्रिल २०२३पासून बंद झालंय, आणि लष्कर काही तरण्या गाड्या लिलावात काढत नाही.

स्टॅलियन जिंकतो तो पाणंदीत. ऊस पेटतो तो डांबरी रस्त्याला लागून थोडाच पेटतो! शेजारच्या रानाला कालच पाणी दिलेलं असतं, वाट काळ्या मातीची, आणि भरलेली फोर बाय टू तिथे डिफरन्शियलपर्यंत बसते. मग ट्रॅक्टर शोधा. स्टॅलियनचा पुढचा अ‍ॅक्सल जोडला की तो गुरगुरत निघून जातो. इंजिन हिनोचं, लेलँडच्या साध्या ट्रकांतही त्याच घराण्यातलं, म्हणजे तालुक्याच्या कुठल्याही मिस्त्रीच्या हातातलं.

पण वजनाचा हिशेब आधी कागदावर करा. लष्करी मोजमापात ही गाडी रानात ५ टन ओझ्याची, रस्त्यावर साडेसात टन ओझ्याची. ४५०० लिटरची टाकी बसवली की नुसतं पाणीच साडेचार टन; वर टाकीचा पत्रा, पंप, होज, माणसं. म्हणजे ज्या पाणंदीसाठी गाडी घेतली तिथेच ती ओव्हरलोड. शहाणा माणूस ३००० लिटरवर थांबतो. १८०० लिटर मिनिटाचा पंप पूर्ण सोडला तर एवढं पाणी दोन मिनिटंही पुरत नाही. बगॅस (उसाचं चिपाड) साठवायच्या यार्डात हायड्रंट, म्हणजे आगीसाठीचा पाण्याचा नळ, असतो म्हणून निभावतं.

पंपाचंही तसंच. साध्या चासीत मागच्या चाकांकडे जाणारा लांब प्रोपेलर शाफ्ट मधे तोडून पीटीओ, म्हणजे गाडीच्याच इंजिनावर पंप फिरवणारा जोड, बसवता येतो. फोर बाय फोरमध्ये गिअरबॉक्समागे ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी), त्यामुळे तशी जागा फारशी उरत नाही. म्हणून वेगळ्या इंजिनाचा पंप मागे ठेवणं सोपं पडतं. मला स्वतःला ते आवडलं होतं, कारण बांधाच्या कडेने गाडी चालवत पाणी मारता येतं. टाकी मात्र चासीला कडक बोल्ट करू नका. खड्ड्यात चासी पिळवटते आणि टाकीचा खालचा कोपरा वेल्डिंगला तडकतो. तो आम्ही हंगामभर शिवत होतो.

हे सगळं चालवून घेता आलं असतं. माझं मन उठलं ते ब्रेकच्या हवेमुळे.

फायर गाडी बहुतेक दिवस नुसती उभी असते. लिलावातली गाडी त्याआधी डेपोतही उभी राहून आलेली, आतली रबरं वाळलेली. संध्याकाळी हवेच्या टाक्या भरून ठेवा, सकाळी काटा तळाला. सायरन झाला, माणसं चढली, ड्रायव्हरने स्टार्टर मारला, आणि पुढे काय? डॅशबोर्डवर बझर कोकलतोय, ड्रायव्हर रेस देतोय, धुराने शेड भरलंय आणि काटा मुंगीच्या पावलाने चढतोय. ब्रेकला हवा येईपर्यंत गाडी हलवायची नाही. आणि समोर धूर दिसतोय! साबणाचं पाणी लावून एक गळती बंद केली की दुसरीकडे फुसफुस सुरू व्हायची. कॉम्प्रेसरची नळी कायम जोडून ठेवायचा उपाय आहे, आम्ही केलाही, पण वीज गेली की तोही गेला.

साध्या चासीलाही एअर ब्रेकच असतात, गळती तिथेही होते. फरक इतकाच की तिचा व्हॉल्व्ह, डायफ्रॅम, नळी, सगळं हायवेवरच्या दुकानात त्याच दिवशी मिळतं. स्टॅलियनच्या ट्रान्सफर केसचं किंवा पुढच्या अ‍ॅक्सलचं ऑइल सील मागवलं की गाडी आठवडाभर ठोकळ्यावर. आमच्या चासीची हवा रात्रभर टिकते, एवढ्यावर मी तिचं रुतणं माफ केलंय. पाणंदीसाठी कारखान्याचा ट्रॅक्टर आणि पाण्याचा टँकर मागोमाग निघतो.

तुमचा परिसर जंगलाचा, चढाचा असेल तर पारडं कदाचित स्टॅलियनकडे झुकेल. तसं असेल तर बोली लावायच्या आधी प्रत्यक्ष बघायला जा, कारण लिलाव जसं आहे, जिथे आहे तत्त्वावर असतो. बॅटरी लावू देत असतील तर टाक्या पूर्ण भरा, इंजिन बंद करा, जेवून या आणि काटा बघा.