‘इंटरनॅशनल’ ट्रेनर कोर्सला ४२ हजार भरून बसलो, तुम्ही भरू नका

मी इचलकरंजीचा. शाळेत असल्यापासून तालमीत जोर-बैठका मारल्या, त्यामुळे जिम ट्रेनर व्हायचं हे बारावीतच ठरलं होतं. मागच्या वर्षी पुण्यात आलो आणि एका फिटनेस अ‍ॅकॅडमीत ६ आठवड्यांचा ‘इंटरनॅशनल सर्टिफाइड पर्सनल ट्रेनर’ कोर्स केला. फी ४२,००० रुपये. वडील यंत्रमागावर कामाला, त्यांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं.

अ‍ॅकॅडमीच्या ऑफिसात भिंतभर फ्रेम. आयएसओ ९००१, उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंद), त्यावर भारत सरकारची मुद्रा. मला वाटलं, कोर्स सरकारमान्य आहे. नंतर कळलं, आयएसओ ९००१ हे संस्थेच्या कारभाराच्या पद्धतीबद्दल असतं, शिकवण्याच्या दर्जाची हमी त्यात नसते. आणि उद्यम नोंदणी पिठाच्या गिरणीवालाही आधार कार्डावर घरबसल्या फुकट करून घेतो. तेव्हा मात्र तिथल्या मॅडम म्हणाल्या, “आज भरलंत तर ४२, उद्यापासून ६०.” मी दुपारीच भरले. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ तोंडीच होती. पावतीवर ‘फी परत मिळणार नाही’ एवढं मात्र छापलेलं.

परीक्षा शेवटच्या शनिवारी. शिकवणारे सरच पर्यवेक्षक आणि पेपर तपासणारेही तेच. अर्ध्या तासानंतर ते फळ्यापाशी उभे राहिले आणि सांगायला लागले, “सतरावा सी, अठरावा ए.” तेव्हा मलाही बरं वाटलं, हे कबूल करतो. बॅचमधलं कुणीच नापास झालं नाही. संध्याकाळी लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट हातात.

नोकरी मी स्वतःच शोधली, एका छोट्या जिममध्ये. दुसऱ्याच आठवड्यात पन्नाशी ओलांडलेल्या एक काकू माझ्याकडे आल्या. मी त्यांना लेग प्रेसवर, म्हणजे पायांनी वजन ढकलायच्या मशीनवर, बसवलं. प्रत्येक रेपला त्या दात आवळून, श्वास रोखून ढकलत होत्या आणि मी शेजारी उभा राहून “अजून दोन, काकू” म्हणत होतो. तिसऱ्या सेटनंतर उठल्या, माझं मनगट घट्ट धरलं आणि तशाच खाली बसल्या. चेहरा पांढराफटक. हेड ट्रेनर धावत आले. त्यांनी विचारल्यावर कळलं की काकूंना बीपीची गोळी चालू आहे. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो, म्हणून ढकलताना श्वास सोडायला सांगायचं असतं. नवीन माणसाकडून आजार, औषधं, जुनी दुखणी यांची प्रश्नावली आधी भरून घ्यायची असते. ६ आठवड्यांत यातलं काहीच मला कुणी सांगितलं नव्हतं. काकू थोड्या वेळानं सावरल्या, “असू दे बाळा” म्हणाल्या. मला त्या रात्री झोप लागली नाही. पैसे गेले ते वेगळंच, पण माझ्या हातून त्या बाईचं काहीतरी झालं असतं.

हेड ट्रेनरनी माझ्या सर्टिफिकेटवरचा क्यूआर कोड स्कॅन केला. उघडलं ते अ‍ॅकॅडमीचंच पान. ज्या ‘अमेरिकन बोर्डा’चं नाव वर छापलं होतं, त्याच्या वेबसाइटवरही फोन नंबर पुण्याच्या अ‍ॅकॅडमीचाच.

त्यांनीच मग समजावलं. शिकवणारा आणि पास करणारा एकच असेल तर तिथेच सावध व्हायचं. परदेशी सर्टिफिकेट हवं असेल तर त्याला एनसीसीएची, म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्या कार्यक्रमांना मान्यता देणाऱ्या अमेरिकन संस्थेची, मान्यता आहे का ते बघायचं. एसीई, एनएएसएम, एसीएसएम, एनएससीए या अमेरिकन संस्थांच्या पर्सनल ट्रेनर सर्टिफिकेटला ती आहे. एसीईसाठी सीपीआर-एईडीचं (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून आणि शॉक देणाऱ्या यंत्रानं करायचे प्रथमोपचार) प्रमाणपत्र लागतं, परीक्षा पर्यवेक्षकाच्या नजरेखाली होते आणि दर २ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. आपल्याकडचा स्किल इंडियाचा कोर्स सांगत असतील तर त्याचा एनएसक्यूएफ (राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा) स्तर विचारा आणि नॅशनल क्वालिफिकेशन्स रजिस्टर या सरकारी यादीत तो कोर्स स्वतः शोधा. त्यांनी दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका. फी भरण्याआधी दोन-तीन जिमच्या हेड ट्रेनरना भेटून ‘हे सर्टिफिकेट तुम्ही धराल का’ एवढं विचारा. मी हे विचारलं असतं तर ४२ हजार वाचले असते.

फी परत मागितली, मिळाली नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. पावती, तोंडी आश्वासनानंतर आलेले व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, सगळं जपून ठेवलंय, तुम्हीही ठेवा. सीपीआरचं ट्रेनिंग आता नीट घेतलं आणि फ्लोअरवर हेड ट्रेनरच्या हाताखाली परत पहिल्यापासून शिकतोय. पतसंस्थेचे ७ हप्ते बाकी आहेत.

अ‍ॅकॅडमीच्या नव्या बॅचच्या फ्लेक्सवर ‘आमचे यशस्वी विद्यार्थी’ म्हणून माझा फोटो आहे. काढा म्हणून दोनदा सांगून झालं. निळ्या टी-शर्टातला, डावीकडून तिसरा. तो बघून कुणी अ‍ॅडमिशन घेणार असेल तर आधी मला भेटा.