दहा रुपयांचा फ्यूज, साडेअकरा हजारांचा 'बोर्ड'

गाडीची टचस्क्रीन अचानक बंद पडली आणि दुकानदार 'बोर्ड गेलाय' म्हणाला, तर पैसे काढण्याआधी हे वाचा. मला यात ११,५०० रुपयांचा चुना लागला. आणि खरं नुकसान पैशांचं नव्हतंच.

गाडी जुनी, पण स्क्रीन कंपनीतूनच बसून आलेली. एके दिवशी गाडी चालू केली तर गाणी नाहीत, नकाशा नाही, रिव्हर्स टाकला तरी कॅमेरा नाही. शिवाय दरवाजाचे आरसेही बटणाने हलेनात. आरशांचं मी दुकानात आपणहून सांगितलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

दुकान शहराबाहेर जाणाऱ्या रस्त्यावरचं. बाहेर सीट कव्हरं टांगलेली, आत एसी, चहा लगेच. पोराने डॅशबोर्डची पट्टी उचकटली, स्टिअरिंगखाली वाकून काहीतरी खाटखूट केली आणि मालकाच्या कानाला लागला. मालक म्हणाले, "साहेब, बोर्डची आयसी उडालीये. आरसे पण त्याच बोर्डवरून चालतात. कंपनीत गेलात तर नवीनच घ्यायला लावतील." सर्व्हिस सेंटरला फोन केला तर नव्या युनिटचा आकडा खरंच चाळीस हजारांच्या वर होता. अशा लोकांचं हेच कसब असतं. एक गोष्ट खरी सांगायची, म्हणजे तिच्या आडून बाकीचं सगळं खपतं. युनिट 'मुंबईच्या इंजिनिअरकडे' गेलं आणि डॅशबोर्डला खिंडार घेऊन मी घरी आलो.

काम झालं तेव्हा स्क्रीन चालू, आरसे चालू. पक्कं बिल मागितलं तर "जीएसटी वर लागेल साहेब" म्हणून पावती पुस्तकातलं एक पान फाडून दिलं. त्यावर 'साउंड सिस्टीम काम' एवढंच.

घरी फोन जोडायला गेलो तर ब्लूटूथच्या यादीत आमच्या घरातला एकही फोन नव्हता. त्याऐवजी 'विकी भाई', 'पप्पा नवीन' अशी मंडळी. नकाशात 'घर' म्हणून सोलापूरचा पत्ता. मालकांना फोन लावला. ते म्हणाले, "टेस्टिंगला पोरांनी फोन जोडले असतील, आणि सॉफ्टवेअर नवीन टाकलंय ना." अहो, सॉफ्टवेअर नवीन टाकलं तर यादी कोरी व्हायला हवी, तिच्यात दुसऱ्याचं कुटुंब कसं येईल? पाणी कुठेतरी मुरत होतं. त्यात स्क्रीनच्या उजव्या कडेला बोट लावलं तर काहीच होईना. आधी असं नव्हतं.

मग एका खड्ड्यानंतर सगळं पुन्हा बंद. आरसेसुद्धा.

या वेळी नाना पेठेतल्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. मामांनी स्क्रीनकडे बघितलंही नाही. "आरसे हलतात का? चार्जरच्या सॉकेटला करंट आहे का?" दोन्हीला नाही म्हटल्यावर ते फ्यूज बॉक्सचं झाकण काढून बसले. चिमट्याने एक फ्यूज ओढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. पिवळा, आतली तार तुटून काळी पडलेली. "मॅन्युअल काढा." मॅन्युअलच्या तक्त्यात त्या जागी १५ अँपिअर लिहिलेलं. १५ चा फ्यूज निळा असतो, पिवळा म्हणजे २०. "हा कंपनीचा नाय. मागाहून कुणीतरी घातलाय."

बऱ्याच गाड्यांत किल्ली पहिल्या टप्प्यावर फिरवली की जो करंट मिळतो, त्याच्या एकाच फ्यूजवर स्क्रीन, आरसे आणि चार्जिंगचं सॉकेट अशी तिन्ही असतात. तिन्ही एकदम गेली तर संशय आधी फ्यूजवर घ्यायचा. मग मामांनी सॉकेटमध्ये टॉर्च मारला. तळाशी एक रुपयाचं नाणं आडवं पडलेलं. मधल्या टोकाला प्लस, भोवतीच्या पत्र्याला अर्थिंग. गाडीला हिसका बसला की नाणं सरकून दोन्हीला चिकटणार आणि फ्यूज उडणार. फ्यूज काढलेलाच होता, त्यामुळे लांब चिमट्याने नाणं बाहेर काढलं. निळा फ्यूज बसवला, स्क्रीन लागली. मामांनी घेतले दोनशे रुपये.

त्या पिवळ्या फ्यूजने सगळं उघडं पाडलं. दुकानातल्या पोराला दोष पहिल्याच दिवशी सापडला होता, स्टिअरिंगखालची खाटखूट तीच. फ्यूज बदलून मोकळे झाले, आणि 'दुरुस्ती'च्या नावाखाली माझं चांगलं युनिट काढून घेऊन कुणाचं तरी कड खराब झालेलं गळ्यात मारलं. कंपनीच्या जुन्या युनिटला सेकंडहँड बाजारात चांगलं गिऱ्हाईक आहे. नाणं शोधायची तसदी कोण घेणार? वर १५ च्या जागी २० घातला. फ्यूज वायरच्या आधी जळावा म्हणून असतो. जास्त अँपिअरचा घातला की वायर तापत राहते आणि फ्यूज शाबूत. हे मला त्या साडेअकरा हजारांपेक्षा जास्त झोंबलं.

तेव्हा युनिट दुकानात सोडायची वेळ आलीच, तर सोडण्यापूर्वी त्याच्या मागच्या स्टिकरवरच्या सीरियल नंबरचा फोटो काढा आणि तो नंबर पावतीवर लिहून घ्या. गाडीच्या बिलावर हा नंबर सहसा नसतो, त्यामुळे अदलाबदल झाली की आपलं युनिट कोणतं हे सांगायला कागदच उरत नाही. स्क्रीन चालू असताना सेटिंगमधल्या माहितीच्या पानाचाही फोटो काढून ठेवा. काही युनिट करंट तुटला की कोड मागतात. तो कोड दुकानदाराला तोंडी सांगू नका, स्वतः टाका. आणि "बदललेला पार्ट परत हवा" हे काम सुरू होण्याआधीच सांगा. नंतर विचारलं तर उत्तर ठरलेलं आहे, मलाही तेच मिळालं: "भंगारात गेला."

माझ्याकडे व्हॉट्सॲपवरचा 'बोर्ड चेंज ११५००' हा मेसेज, यूपीआयची नोंद, दोन्ही फ्यूजचे फोटो आणि 'पप्पा नवीन'वाल्या यादीचा फोटो एवढं होतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात तक्रारीची फी लागत नाही. या दोन गोष्टी मालकांना लेखी कळवल्यावर त्यांचा आवाज मऊ झाला. आधी म्हणाले, पैशांऐवजी सीट कव्हरं घ्या, ओरिजिनल लेदर. मी नाही म्हटलं. शेवटी घासाघीस होऊन सात हजार यूपीआयवर आले. युनिट काही मिळालं नाही. पैसे पाठवताना त्यांनी शेऱ्यात लिहिलं होतं: 'सीट कव्हर रिटर्न'.