विश्रामबागमधील थायरॉइड तज्ज्ञांचा दवाखाना : अभिप्राय
थायरॉइड ग्रंथी अतिसक्रिय करणाऱ्या ग्रेव्हज आजारासाठी कार्बिमाझोलच्या गोळ्या दीड वर्ष घेऊन बंद केल्यावर छातीतील धडधड, हातांचा कंप आणि वजनातील घट पुन्हा सुरू झाली, तेव्हा कायमस्वरूपी उपचाराचा निर्णय घेण्यासाठी मी सांगलीतील या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी कोणतीही घाई केली नाही, आणि हेच या सेवेचे खरे बळ आहे. पर्याय दोन होते : किरणोत्सारी आयोडीन किंवा ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया. किरणोत्सारी आयोडीन १३१ ग्रंथीत साठून तिच्या पेशी नष्ट करते, परिणाम दिसण्यास काही आठवडे ते महिने लागतात आणि त्यानंतर बहुतेकांना आयुष्यभर थायरॉक्सिन या थायरॉइड संप्रेरकाची गोळी घ्यावी लागते, हे त्यांनी स्पष्टपणे सांगितले. या उपचाराने डोळ्यांचा त्रास वाढू शकतो, म्हणून आधी नेत्रतपासणी करवून घेतली. गर्भधारणा किमान ६ महिने टाळण्यासही बजावले. शस्त्रक्रियेत आवाजाच्या नसेला असलेला धोका तर चित्र काढून समजावला. प्रतीक्षा मात्र फार लांबते, आणि उकाडा सहन न होणाऱ्या आम्हा रुग्णांसाठी तेथे पंखे अपुरे आहेत. मी आयोडीन निवडले आहे. उपचारानंतर काही दिवस माझ्या शरीरातील किरणोत्साराचा संपर्क टाळावा म्हणून लहान मुलीला कराडला आजोळी ठेवण्याची सूचनाही डॉक्टरांनीच केली.