१७,७०० रुपयांचं प्रेरणा शिबिर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

फैजपूरला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात ट्यूबवेलच्या मोटारी जळतात, त्यावर आमचं घर चालतं. गेल्या सप्टेंबरात मी दोन दिवसांचं ‘बिझनेस दुप्पट’ शिबिर आणि सोबतचा सहा महिन्यांचा फॉलोअप विकत घेतला. फी १५,०००, वर १८ टक्के जीएसटी, एकूण १७,७००. हॉलमधून बाहेर पडता पडता एका मुलीने मोबाईल पुढे केला, तेव्हा मी पाच तारे देऊन मोकळा झालो होतो. आता अखजी (अक्षय्य तृतीया) होऊन गेली, आठ महिने झाले. खरा अभिप्राय आता लिहितो.

सावद्याच्या एका केळी ग्रुपमध्ये, म्हणजे केळीच्या व्यापाऱ्यांकडे, हिशेब सांभाळणारा मित्र मला घेऊन गेला. आधी ९९ रुपयांचं संध्याकाळचं सत्र होतं, जळगावच्या मंगल कार्यालयात. “चल तर भो, चहा तरी मिळेल.” चहा मिळाला आणि शिबिराचा फॉर्मही. भाषण ऐकायला आम्ही तसे कमी नाही. काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन १९३६ साली आमच्याच फैजपूरला भरलं होतं, नेहरू अध्यक्ष होते आणि मंडपाची सजावट नंदलाल बोस यांची. तिथे कुणी स्वाइप मशीन घेऊन उभं नव्हतं, एवढाच फरक.

शिबिर हॉटेलात होतं. दोनेकशे माणसं, एसी इतका की शालच हवी होती. मोठ्या आवाजात गाणी, अनोळखी माणसाला मिठी मारा, डोळे मिटा, वडिलांना आठवा. माझे वडील जाऊन चार वर्षं झाली. मी रडलो, खोटं कशाला बोलू. शेजारी वरणगावचा एक बेकरीवाला हुंदके देत होता. त्या रात्री छान झोप लागली, ती मात्र पैसा वसूल.

पहिल्या रात्री लॉनवर निखाऱ्यांवरून चालायला लावलं. “हे जमलं तर काहीही जमेल!” मी चाललो, पाय भाजले नाहीत. पण मी दिवसभर उष्णतेशीच झटापट करणारा माणूस आहे. लाकडी कोळसा उष्णता फार हळू सोडतो आणि पाय एका जागी क्षणभरच टेकतो, म्हणून भाजत नाही. तेवढ्याच तापलेल्या लोखंडी पत्र्यावर चालवून दाखवा म्हणावं. आमच्या गावोगावच्या यात्रांत भगत बारागाड्या ओढतो, तेही बघणाऱ्याला अचाट वाटतं. तो दुसऱ्या दिवशी गुपचूप शेतात निंदायला जातो. आपल्या धंद्याची वाढ त्यात आहे, असं तो कुणाला सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला ‘व्यक्तिमत्त्व अहवाल’ मिळाला, नाव छापलेला, रंगीत. “तुमच्यात मोठी क्षमता आहे, पण ती पूर्ण वापरलेली नाही. बाहेरून शिस्तीचे दिसता, आतून काळजी करता.” वाचून अंगावर काटा आला, माणसाने ओळखलं कसं? परत येताना भुसावळला चहाच्या टपरीवर मी आणि मित्राने अहवाल शेजारी ठेवले. नाव सोडून सगळं तेच, चौथ्या ओळीतली टायपिंगची चूकसुद्धा. मित्र म्हणाला, “आपला स्वभावच सारखा आहे भो.” आमचा स्वभाव! हा माणूस पाच रुपयांच्या फरकासाठी वही तीनदा तपासतो आणि माझी उधारी मला तोंडपाठही नाही.

माझी भाची विद्यापीठात मानसशास्त्र शिकते. दिवाळीला आली तेव्हा तिला तो कागद दाखवला, तर ती हसायलाच लागली. “मामा, हा तर जुना प्रयोग आहे.” १९४८ साली बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने ३९ विद्यार्थ्यांना ‘तुमची चाचणी’ म्हणून एकच मजकूर वाटला होता. तो किती जुळतो याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले, सरासरी आली ४.२६. मग मी शिबिरात लिहिलेल्या वहीतून बाकीचंही काढलं. येल विद्यापीठाच्या १९५३ च्या तुकडीत ज्या ३ टक्के मुलांनी ध्येय लिहून ठेवलं, ती पुढे बाकी सगळ्यांपेक्षा श्रीमंत झाली, असं शिबिर घेणाऱ्या सरांनी सांगितलं होतं. असा अभ्यास कधी झालाच नाही, खुद्द येलला तो सापडला नाही. २१ दिवसांत सवय लागते? ते मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनचं १९६० मधलं निरीक्षण, तेही रुग्णाला नवा चेहरा अंगवळणी पडायला किमान २१ दिवस लागतात एवढंच. लंडनमध्ये ९६ जणांवर सवयींचा अभ्यास झाला, त्यात सरासरी ६६ दिवस निघाले. कुणाला १८ लागले, कुणाला २५४ लागतील असा अंदाज. मी पहाटे पाचला उठणं २३व्या दिवशी सोडलं आणि महिनाभर स्वतःला नालायक समजत बसलो. शेतीची लाईन रात्रीची असली की मोटारही रात्री जळते. दोनला फोन घेणारा माणूस पाचला उठून आरशात बघून “मी विजेता आहे” म्हणणार?

सहा महिन्यांचा फॉलोअप म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. पहाटे ‘गुड मॉर्निंग चॅम्पियन्स’, रविवारी एक ऑनलाइन सत्र, त्यात निम्मा वेळ पुढच्या कोर्सची जाहिरात. ‘निगेटिव्ह’ लिहायचं नाही हा नियम. रावेरकडच्या एका शेतकऱ्याने बागेचे फोटो टाकले, सीएमव्ही हा विषाणूचा रोग आलेला, पानं पिवळी पट्टेदार. हा रोग मावा पसरवतो आणि रोप उपटून नष्ट करण्यावाचून इलाज नाही. त्याने एवढंच विचारलं होतं की पुन्हा लागवड करू की थांबू. उत्तर आलं, “प्रॉब्लेम नाही, चॅलेंज म्हणा.” संध्याकाळपर्यंत फोटो गायब. मला तेव्हा पहिल्यांदा राग आला. केळीचा भाव पडला, रोप गेलं, व्होल्टेज मिळत नाही, सगळ्याला एकच कारण, ‘तुमचा माइंडसेट’. मोटार जळाली की आम्ही आधी लाईन तपासतो, एखादा फेज गेला होता का बघतो. सरळ मोटारीला शिव्या घालत नाही.

हॉलमधला उत्साह मी खोटा म्हणत नाही. टेबलावर मोटार फिरवून दाखवली की गिऱ्हाईक खूश होतं. आवाज गोड, अँपिअर कमी. लोड कुठे असतो तिच्यावर? कळतं ते ट्यूबवेलमध्ये चारशे फूट खाली सोडल्यावर.

आता जे कामाला आलं ते. वर्कबुकात एक पान होतं: एकच काम लिहा, ते नेमकं कधी आणि कुठे करणार तेही लिहा. मी लिहिलं, ‘सोमवारी, शटर उघडायच्या आधी, उधारीचे पाच फोन.’ बाहेर होते २,३०,०००. दिवाळीपर्यंत ८५,००० आले. भाची म्हणते, कधी-कुठे ठरवून ठेवल्याचा उपयोग होतो हे प्रयोगांत दिसलेलं आहे. बायको म्हणते, “हेच मी सहा वर्षं सांगतेय, फुकट.” शिवाय दसऱ्यानंतर कापसाचा पैसा हातात येतो, तेव्हा लोक तसेही देतात. त्यामुळे ८५,००० पैकी शिबिराचे किती, हे मला सांगता येणार नाही. फोन मात्र अजून चालू आहेत.

आणि एक नुकसान, ते पावतीवर नाही. ऑक्टोबरात दुकानातल्या पोराने पगार वाढवून मागितला. कॉइल भरण्यात त्याचा हात माझ्यापेक्षा साफ. मी शिबिराच्या नशेत त्याला म्हणालो, “आधी स्वतःची व्हॅल्यू वाढव, पैसा मागे येईल.” तो काही बोलला नाही. हातातली कॉइल पूर्ण केली, वार्निश लावून वाळत ठेवली, हात धुतले. आठवड्याने दुसऱ्या दुकानात लागला. या मे महिन्यात मोटारींची रांग लागली आहे आणि मी एकटा रात्री बारापर्यंत बसतो. त्याला फोन केला होता. “बघू शेठ” म्हणाला. आधी ‘दादा’ म्हणायचा.

घ्यायचं का? ९९ रुपयांच्या सत्राला जायला हरकत नाही, पण एटीएम कार्ड घरी ठेवून जा. दोन दिवसांच्या शिबिराला माझे दोन तारे, एक त्या पानाचा, एक झोपेचा. शेवटच्या संध्याकाळी दारं लावून ‘फक्त आज रात्री १२ पर्यंत’ म्हणत जी वर्षभराची मेंटरशिप विकतात, तिच्याकडे फिरकू नका. पैसे परत मिळणार नाहीत असं पावतीच्या मागे बारीक अक्षरात असतं, ते सही करण्याआधी वाचा.

मित्राने ती मेंटरशिप घेतली आहे. १,४१,६००, बारा हप्त्यांत ११,८०० प्रमाणे. अजून चार बाकी आहेत. दोन नवी माणसं आणली तर एक हप्ता माफ, म्हणून परवा त्याचा फोन आला. मी एकदा येऊन गेलेला, नव्यात धरत नाहीत. त्याला माझ्या मेव्हण्याचा नंबर हवा होता. दिला नाही.