११०० चा बिल्ज पंप, एक पावसाळा आणि हातभर वायर

बिल्ज पंप म्हणजे होडीच्या तळात साठलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप. माझा पंप चांगला आहे. राग आहे तो त्याच्या वायरीवर.

चांगदेवला, तापी-पूर्णेच्या संगमाजवळ, हतनूर धरणाच्या फुगवट्यात आमची होडी असते. १४ फुटी, फायबरची, दुसऱ्याकडून घेतलेली जुनी. मार्चमध्ये तिला १२ व्होल्टचा, तासाला ११०० गॅलनचा पंप बसवला, सोबत वेगळा फ्लोट स्विच, म्हणजे पाणी वाढलं की पंप आपोआप चालू करणारा. फ्लोटचे पैसे देताना जिवावर आलं होतं.

ऑगस्टात एका रात्री पावसाने झोडपलं. सकाळी बघतो तर घोट्याच्या वर पाणी, जाळं तरंगतंय आणि पंप गप्प. आबा काठावरूनच म्हणाले, "डबा आण रे भो आधी, पंपाचं मग बघू." दोघांनी तासभर उपसलं.

दुकानात नेला तर म्हणे, "पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही." अहो, हा पंप बुडूनच चालतो! अर्धा तास भांडलो, उपयोग शून्य. संतापून घरी आलो आणि तारा थेट मोटरसायकलच्या बॅटरीला लावल्या. फर्रकन फिरला. पंपाला काहीच झालेलं नव्हतं.

दोष जॉइंटमध्ये होता. पंपासोबत येणारी वायर जेमतेम हातभर. तळापासून बसायच्या फळीपर्यंतसुद्धा ती पोचत नाही, म्हणजे जोड तळातच येणार, नेमका पाणी साठतं तिथे. मी साधी काळी टेप गुंडाळली होती. ती सोलली तर तांबं हिरवंगार झालेलं, चिमटीत धरलं की भुगा. कंपनीने आणखी दोन हात वायर दिली असती तर असे किती पैसे वाढले असते? पाण्यात राहणाऱ्या वस्तूला एवढी आखूड वायर द्यावी, हे मला अजून पटत नाही.

उपाय गावातच मिळाला. केळीच्या पट्ट्यात मोटर भरणारे गल्लोगल्ली आहेत आणि विहिरीतल्या सबमर्सिबलच्या केबलचे जोड हे त्यांचं रोजचं काम. त्यांनी कुजलेला भाग कापून जोड नव्याने केला, पाणी रोखणारी टेप चढवली आणि बजावलं, "तरी हा जोड बुडू द्यायचा नाही." मग पंप थोडा उंच सरकवून वायर ताणून वर घेतली, जोड फळीखाली झाकणाच्या डब्यात बंद केला. पंप उंच गेल्यामुळे तळाला दोन बोटं पाणी राहतं. तेही त्या वायरीमुळेच.

पाइपाचंही सांगतो. घरी ठिबकची १६ मिमी नळी पडून होती, ती लावायचा मोह झाला होता. लावू नका. पंपाचं तोंड २९ मिमीचं आहे, नळी बारीक केली की धार मरते. वळ्यांचा स्वस्त पाइपही आतून पाणी अडवतो आणि आमच्याकडच्या मे महिन्यात कडक होऊन तडकतो. आतून गुळगुळीत, जाड होज घ्या आणि त्याचं तोंड बाहेरच्या पाण्यापेक्षा चांगलं वर काढा, नाहीतर पंप थांबल्यावर तेच पाणी उलटं आत येतं.

११०० गॅलन म्हणजे तासाला सुमारे ४,१६० लिटर, पण हा आकडा पाणी वर न चढवता मोजलेला असतो. माझ्याकडे मिनिटाला ४५ लिटरच्या आसपास पडतं, बादलीने मोजलं. तेवढं पुरतं. होडीचा वरचा उघडा भाग साधारण ५ चौरस मीटर, १०० मिमी पाऊस पडला तर ५०० लिटर साठतात. ते ११-१२ मिनिटांत बाहेर. एवढ्या वेळात बॅटरी एक अँपिअर-तासही खात नाही, म्हणून मोठ्या बॅटरीवर पैसे घालू नका.

फ्लोटबद्दल मत बदललं. सप्टेंबरात हतनूरचे दरवाजे उघडले तेव्हा दोन दिवस काठावर जाताच आलं नाही. गेलो तेव्हा होडी दोराला ताठ उभी होती, आत तीच दोन बोटं पाणी. फ्लोटची तार मात्र मेन स्विचवरून न घेता थेट बॅटरीवरून घ्या, फ्यूज बॅटरीजवळ. आणि फ्लोटखाली पालापाचोळा अडकतो, तो आठवड्याला काढा.

आबांच्या होडीलाही हाच पंप घेतोय. या वेळी डबा उघडून आधी वायर मोजणार, मगच पैसे देणार.